सत्तेचाळीस मुठी माती

“साहेब, माझा गुन्हा नंबर काय हाय?”

ठाण्यातल्या लाकडी बाकावर खैरूनखाला बसली होती. साठीच्या पुढची बाई. बांगड्यांची पेटी मांडीवर आणि पेटीवर दोन्ही हात. मी चहात टोस्ट बुडवत होतो. तो निम्मा चहातच राहिला.

गुन्हा दाखल झाला की ठाण्यात त्याला त्या वर्षाचा अनुक्रमांक मिळतो. तो गुन्हा नंबर. तो फिर्यादी विचारतो, वकील विचारतो, कधी पत्रकार विचारतो. जिच्यावर संशय आहे त्या बाईनं आपण होऊन यावं आणि माझा नंबर सांगा म्हणावं, हे माझ्या एकोणतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं.

“खाला, तुमच्यावर गुन्हाच नाही. नंबर कुठला आणू?”

“मग तसा कागद द्या.”

“गुन्हा नाही असा कागद नसतो, खाला.”

“गाव म्हणतंय मी चोर हाय. तुमी म्हणताय गुन्हाच न्हाय. मग मी सुटू कशातनं?”

माझं पोट माझ्या पुढं चालतं आणि अक्कल दहा पावलं मागून येते, असं आमची मंडळी म्हणतात. त्या दिवशी ती आलीच नाही.

मी सहायक फौजदार आहे. बेंबळीच्या बाजूला माझं बीट आहे. बीट म्हणजे अकरा गावं, एक मोटारसायकल आणि दिवसभर वाजणारा फोन. गावातली म्हातारी माणसं अजून मला जमादार म्हणतात. एक आजोबा तर ठाण्याच्या मोठ्या साहेबांना अमीनसाहेब म्हणायचे, निजामाच्या काळातल्यासारखं. आमच्या खात्यात राज्यं बदलली, शब्द तेच राहिले. फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल, हवालदार, सगळं जुनंच. फक्त कलमांचे आकडे नवे आले आहेत. ते माझ्या तोंडात अजून बसलेले नाहीत. घरातली चोरी म्हटलं की मी तीनशे ऐंशी म्हणतो. मुलगी मुक्ता कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती जेवतानाच सांगते, “बाबा, तीनशे पाच.” पुढचं हे सगळं लिहून काढा म्हणून मागं लागली तीही तीच.

तर झालं होतं असं.

एका गावात दत्तूअण्णांच्या घरी लग्न होतं. मुलीचं, प्रियांकाचं. दत्तूअण्णांची आई गयाबाई, वय ऐंशीच्या आसपास. तिची तीनपदरी बोरमाळ नातीच्या गळ्यात जायची ठरली होती. सोन्याच्या बोराएवढ्या मण्यांची माळ. ती देवघरातल्या पितळी डब्यात होती. लग्न शुक्रवारी. त्याच्या आठ दिवस आधी खैरूनखाला नवरीच्या हाताचं माप घ्यायला आली. मण्यारीण बाई, तिच्या सासूपासून त्या घराला बांगड्या भरणारी. आत गेली, माप घेतलं, चहा प्याली, गेली. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर रिकामा.

फोन आला म्हणून मी गेलो तेव्हा घरात दहा-बारा पाहुणे, मांडववाले, आचारी, शेजारपाजार. रोज पन्नास माणसं आतबाहेर करत होती. मी विचारलं, “कुणावर संशय?” मग गयाबाई म्हणाल्या, “काल मण्यारीण आली व्हती तेवढी.”

तेवढी. एवढा एकच शब्द. पाहुण्यांचं नाव घेता येत नाही, भावकीचं घेता येत नाही. बाहेरची एक बाई आली होती, तिचं घेता येतं. मीही ते नाव वहीत लिहून घेतलं. बाकीच्या पन्नासांची लिहिली नाहीत.

दत्तूअण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, तक्रार नको. लग्नघरात पोलीस आले म्हटलं की सोयरे पळतील. माल तेवढा काढून द्या.”

इथं माझा पाय घसरला. कायदा साधा आहे. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाला न विचारता तपास करू शकतात अशा गुन्ह्याची खबर मिळाली की आधी नोंदवायची. आधी थोडी चौकशी करायची मुभा नव्या कायद्यात काही गुन्ह्यांना आहे, पण वरिष्ठांची परवानगी घेऊन. मी परवानगी घेतली नाही, नोंदही केली नाही. कारण मला एक युक्ती आठवली होती.

माझे आजोबा लोहाऱ्याच्या बाजूच्या एका गावात पोलीस पाटील होते. त्यांची एक गोष्ट मी पोरांना, भाच्यांना, आणि ऐकून घेतील त्या सगळ्या पाहुण्यांना सांगत आलोय. गावात चोरी झाली की देवळाच्या अंधाऱ्या खोलीत टोपलं ठेवायचं. घरटी एका माणसानं आपल्या अंगणातली मूठभर माती घेऊन एकट्यानं आत जायचं, मूठ टोपल्यात उपडी करायची, बाहेर यायचं. शेवटी टोपलं पालथं घालायचं. मातीतून चोरीची वस्तू निघते. कुणी टाकली ते कुणालाच कळत नाही. कुणी विचारायचं नाही.

ही गोष्ट मी इतक्या वेळा रंगवून सांगितली होती, की ती एकदा तरी करून बघायची हौस माझ्या मनात बसली होती.

सोमवारी सकाळी मारुतीच्या देवळात आम्ही टोपलं ठेवलं. पोलीस पाटील माणिकरावांनी गल्लीतल्या घरांची यादी केली. अठ्ठेचाळीस घरं. गुप्ततेचा कारभार होता, तरी यादी केलीच. पोलिसाला यादीशिवाय घास उतरत नाही. एकेक जण मूठ आवळून आत जाई, मोकळा हात झाडत बाहेर येई. माणिकराव नावापुढं खूण करत. खुद्द दत्तूअण्णाही मूठ घेऊन आत गेले.

खैरूनखालाचा नंबर आला. ती मोकळ्या हातानं उभी होती.

“खाला, माती?” माणिकराव म्हणाले.

“नक्को.”

“अहो, सगळ्यांनी टाकली.”

“ज्यानं उचललं त्यानं टाकावं. मी काय म्हणून मूठ झाकू? माझा हात उघडाच हाय, बघा.” तिनं दोन्ही तळवे समोर धरले.

“नाही टाकली तर लोक काय समजतील?”

“टाकली तर मी काय समजू?”

ती घरी निघून गेली. घरात एकटीच राहायची, त्यामुळं दुसरं कुणी जायचा प्रश्न नव्हता. देवळासमोर कुजबुज झाली आणि माझ्या डोक्यात तपास संपला. चोर सापडला होता.

शेवटची मूठ पडली. आम्ही चादरीवर टोपलं पालथं केलं. काळी माती, मुरूम, चुलीची राख, एकानं तर कुंडीतलं खत आणलं होतं. माणिकराव हातानं ढीग पसरायला लागले आणि बोरमाळ निघाली. तिन्ही पदर शाबूत. दत्तूअण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी मारुतीपुढं नारळ फोडला. मला लोकांनी फेटा बांधला. मी तो बांधून घेतला, एवढंच नाही, त्या फेट्यातला फोटो घरच्या ग्रुपवरही टाकला.

ठाण्यात परत आल्यावर स्टेशन डायरीला नोंद केली. ही ठाण्याची दैनंदिनी. कोण कुठं गेलं, काय केलं, कधी परतलं, सगळं तिच्यात. आता ती कॉम्प्युटरवर असते, एकदा नोंद गेली की खोडता येत नाही. मी लिहिलं, ग्रामस्थांच्या बैठकीत सत्तेचाळीस इसमांनी मूठ टाकली, खैरूनबी हिने नकार दिला व खोलीत न जाता निघून गेली, वर्तन संशयास्पद, लक्ष ठेवणे.

आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती बाकावर येऊन बसली होती.

“काल सांजच्याला दोन घरांत गेले,” ती सांगत होती. “एकीनं दारातनंच सांगितलं, आज नको. दुसरीनं मला बघून कपाटाची किल्ली काढून घेतली. माझ्यासमोर. साहेब, माझा धंदा काय हाय? दुसऱ्याच्या घरात आत जाऊन बसायचं, बायांचा हात हातात घ्यायचा. आत घेणार न्हाईत तर बांगड्या काय रस्त्याला भरू?”

“पण खाला, बोरमाळ तर मिळाली.”

“त्यांना बोरमाळ मिळाली. मेरेकू क्या मिला?”

मग तिनं हळूच विचारलं, “टोपल्यात माळ निघाली. मी टोपल्याजवळ गेलेच न्हाई. तर मग ती माझ्या हातची कशी?”

मी चहाचा कप खाली ठेवला.

सत्तेचाळीस माणसं आत गेली. त्यांच्यातल्या एकाच्या मुठीत माळ होती. कुणाच्या, ते देव जाणे. अख्ख्या गल्लीत एकच बाई अशी होती जिच्या मुठीत ती असूच शकत नव्हती, आणि आम्ही सगळ्यांनी चोर ठरवली होती ती नेमकी तीच. तिनं दुसऱ्याच्या हातात दिली असेल, असं गाव म्हणत होतं. म्हणणाऱ्याला पुरावा लागत नाही.

आजोबांच्या गोष्टीत ही बाई नव्हती. असली तरी त्यांनी मला सांगितली नाही. पूर्वी चोरी झाली की जागल्या, म्हणजे गावचा राखणदार, चोराचा माग काढत शिवेपर्यंत जायचा. माग दुसऱ्या गावात शिरला तर ते गाव जबाबदार, नाहीतर आपलं गाव जबाबदार, भरपाई गावानं करायची. म्हणून गावाला चोरापेक्षा माल हवा असायचा. टोपलं ही त्याचीच सोय. माल आला, गाव सुटलं. पुढं सरकार आलं, त्यानं चोर शोधायला पोलीस नेमले. माल शोधायला टोपलं आणि चोर शोधायला आम्ही. फुकट बदनाम झालेल्या माणसानं कुठं जायचं, याचा विचार मी तरी त्या मंगळवारपर्यंत केला नव्हता.

तिला कागद द्यायचा तर एकच वाट होती. गुन्हा दाखल करणं. गुन्हा असता तर तपास असता, जबाब असते, ती यात नाही असं कुठंतरी लिहिलं गेलं असतं. मी दत्तूअण्णांवर उपकार करायला गेलो आणि हिच्या सुटकेला दारच ठेवलं नाही.

मी मोठ्या साहेबांसमोर उभा राहिलो. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान माणूस, पण डायरी वाचायची सवय असलेला.

“जगताप, ही टोपल्याची आयडिया कुणाची?”

“आजोबांची, सर.”

“ते आहेत?”

“नाहीत, सर.”

“मग जबाबदारी तुम्हालाच घ्यावी लागेल.” त्यांनी डायरीची नोंद पुन्हा वाचली. “ही संशयास्पद ओळ तुम्ही लिहिली?”

“हो, सर.”

“तिच्या बाजूनं आपल्याकडं एवढी एकच ओळ आहे. घटना घडली त्याच दिवशी लिहिलेली, आणि तीही तिच्या विरुद्ध असलेल्या माणसानं. फिर्यादी कोण होतंय?”

“दत्तूअण्णा नाही म्हणतात.”

“मग तुम्ही व्हा. सरकारतर्फे. आणि जे केलं ते सगळं लिहा. टोपलं, फेटा, सगळं.”

“फेटापण, सर?”

“फोटो मलाही आलाय, जगताप.”

मी फिर्याद लिहिली. सरकारतर्फे फिर्याद म्हणजे ज्याची वस्तू गेली तो गप्प राहिला तरी सरकार म्हणतं, आमची तक्रार आहे. लिहायला दोन तास लागले. दुसऱ्याचा गुन्हा मी वीस मिनिटांत लिहितो.

बुधवारी गावात गेलो. गुन्हा दाखल झाला म्हणजे बोरमाळ आता मुद्देमाल, पुरावा. ती ताब्यात घ्यायची, पंचनामा करायचा, आणि परत द्यायची तर कोर्टाच्या हुकमानं. दोन दिवसांत तो मिळणं शक्य नव्हतं. हे सांगितल्यावर दत्तूअण्णा माझ्या अंगावरच आले.

“चोरी आमची झाली. माल आमचा मिळाला. तक्रार आमची न्हाय. तुमचं काय गेलं?”

मुक्ताच्या पुस्तकात या प्रश्नावर अख्खं प्रकरण आहे. गुन्हा एका माणसाविरुद्ध घडला तरी तो साऱ्या समाजाविरुद्ध मानतात, म्हणून खटला सरकार चालवतं, असं त्यात लिहिलंय. मला तसलं काही बोलता आलं नाही. मी म्हटलं, “अण्णा, तुमचं गेलं ते तुम्हाला मिळालं. तुमच्या घरातनं आणखी एकीचं काहीतरी गेलंय. ते तिला मिळालेलं नाही.”

“कुणाचं?”

“देवळासमोर या. वाचून दाखवतो.”

सोमवारी होती जवळपास तेवढीच माणसं जमली. खैरूनखाला लांब, लिंबाच्या झाडाखाली उभी राहिली. मी फिर्याद वाचायला लागलो. मी स्वतः सहायक फौजदार जगताप, चोरीची खबर मिळूनही गुन्हा नोंद न करता, वरिष्ठांची परवानगी न घेता, देवळात टोपले ठेवविले. इथं दोघंतिघं हसले. मी थांबलो नाही. यादीतील सत्तेचाळीस इसम खोलीत गेले. खैरूनबी या खोलीत गेल्या नाहीत. माळ टोपल्यातील मातीतून निघाली. त्यांच्याविरुद्ध कोणताही पुरावा नाही. त्यांचे नाव मी विनाचौकशी संशयित म्हणून लिहिले.

आता कुणी हसत नव्हतं. हिशेब सोपा होता आणि तो आता प्रत्येकाला कळत होता. एक बाई सुटली होती आणि सत्तेचाळीस जण अडकले होते. माणसं एकमेकांकडं बघायची टाळत होती. कुणीतरी मागून म्हणालं, “म्हंजी आमच्यातलाच हाय म्हना की.” त्याला कुणी गप्प केलं नाही.

गयाबाई ओट्यावर बसल्या होत्या. काठी टेकत उठल्या.

“जमादार, तिचं नाव पयलं म्या घेतलं. ते बी लिव्हा त्यात.”

“आजी, तुम्ही संशय म्हणून—”

“संशय न्हाय. सोपं व्हतं म्हणून.” मग त्या मुलाकडं वळल्या. “दत्तू, माळ दे त्यांच्यापशी. पोरगी बिनमाळंची बोहल्यावर चढंल. तुझ्या बायकोला चुडा हिनंच भरला व्हता. पोरीला बी हीच भरंल. न्हाय आली तर मोकळ्या हातानं उभी करीन नातीला.”

दत्तूअण्णांनी माळ पंचांसमोर काढून दिली. माझ्याकडं न बघता.

मी तिथंच खालाचा जबाब घेतला, संशयित म्हणून नाही, साक्षीदार म्हणून. लिहून, वाचून दाखवला. ती म्हणाली, “अंगठा कुठं करू?”

“साक्षीदाराच्या जबाबावर सही-अंगठा घ्यायचा नसतो, खाला.”

“का?”

कारण पोलीस कशावरही अंगठा घेतील, ही भीती कायदा करणाऱ्यांनाच होती. पोलिसासमोर दिलेली नुसती कबुलीही कोर्टात चालत नाही, तीही त्याचसाठी. इंग्रजांनी खातं उभं केलं आणि त्याच सुमारास त्याच्यावर भरवसा ठेवू नका असंही लिहून ठेवलं. ते पुढच्या सगळ्या कायद्यांत तसंच उतरलं. मी तिला एवढंच म्हटलं, “कायद्याचा आमच्यावर विश्वास नाही म्हणून.”

“बराबर हाय,” ती म्हणाली.

फिर्यादीची एक प्रत साहेबांनी तिला द्यायला सांगितली होती. तिनं ती चौघडी करून पेटीच्या तळाशी, हिरव्या बांगड्यांच्या खाली ठेवली.

गुरुवारी मी बंदोबस्ताच्या नावाखाली त्या घरासमोर घुटमळत होतो. खैरूनखाला आली. सगळ्या बायका माजघरात सतरंजी अंथरून बसल्या होत्या. गयाबाई दारापर्यंत आल्या.

“ये आत.”

खाला उंबऱ्याबाहेर, ओसरीच्या कडेला बसली. पेटी उघडली. “इथंच बसते, बाई. उजेड चांगला हाय.”

“अगं, आत ये की.”

“पोरीला बाहेर पाठवा.”

गयाबाईंनी सतरंजी ओसरीवर आणायला सांगितली. नवरी बाहेर आली, मागोमाग सगळ्या बायका आल्या. खालानं प्रियांकाचा हात हातात घेतला, दाबून दाबून मऊ केला, आणि एकही काच न फुटता चुडा भरला. नवरीनं वाकून नमस्कार केला. गयाबाई तोवर उंबऱ्याला टेकून खाली बसल्या होत्या.

चोर शेवटपर्यंत मिळाला नाही. सत्तेचाळीस जबाब झाले, सत्तेचाळीस जणांनी फक्त माती टाकली होती. आम्ही कोर्टात ‘अ’ समरी पाठवली. गुन्हा खरा आहे, पण आरोपी सापडत नाही, असा तो अहवाल. बोरमाळ लग्नानंतर दीड महिन्यानं परत गेली. मला कारणे दाखवा नोटीस आली. कारण दाखवण्यासारखं नव्हतं. ठपका बसला, सर्व्हिस बुकात लाल शाईनं चढला. ग्रुपवरचा फोटो मी काढून टाकला, पण मेहुण्यानं जपून ठेवलाय. आजोबांची गोष्ट मी अजून सांगतो, आता टोपल्यावर संपवत नाही.

आणि बीटमध्ये आता कुणीही मला बाजूला घेऊन “तक्रार नको, माल तेवढा काढून द्या” म्हणालं की मी आधी नंबर पाडतो. मिटवलेल्या प्रकरणात ज्याचं काही मिटत नाही असा एकजण असतो, आणि तो बहुतेक करून चर्चेला बोलावलेला नसतो.

खैरूनखालाचा धंदा पुन्हा चालू झाला. सगळ्या घरांतून बोलावणं येतं. पण ती कुणाच्याच घरात आत जात नाही. ओसरी नाहीतर ओटा, तिथंच पेटी उघडते. या दिवाळीत आमच्या मंडळींनी तिला मुद्दाम आमच्याकडं बोलावलं. ती पायरीवर बसली. मी म्हटलं, “खाला, ऊन लागतंय. आत या. पोलिसाचं घर आहे, इथं तुमच्यावर कोण संशय घेणार?”

तिनं मुक्ताच्या मनगटाचं माप बघत बघत सांगितलं, “पयला तुमीच घेतला व्हता ना साहेब. इथंच बरं हाय.”

मग मीच बाहेर जाऊन पायरीवर बसलो.